आजोबांची सायकल: वाई, जून ते ऑक्टोबर २०२४

जुनी, सळईच्या ब्रेकची, काळी, चोवीस इंची फ्रेमची सायकल घरच्या घरी उभी करायची असेल त्यांच्यासाठी ही टिपणं. मला कोणी आधी अशी वाचायला दिली असती तर साडेआठशे रुपये आणि निदान चार रविवार वाचले असते. मी अकरावीत आहे. याआधी कधी पाना हातात धरला नव्हता. घरात काही बिघडलं की "दादाला दे" हे आमच्याकडचं ठरलेलं वाक्य होतं, आणि मी निमूट देत आले.

१६ जून, रविवार

फेब्रुवारीत आजोबा गेले. आजीला एकटं ठेवायचं नाही म्हणून मे महिन्यात आम्ही डोंबिवलीचं घर सोडून वाईला आलो. दादा इंजिनिअरिंगला आहे, तो होस्टेलवरच राहिला.

सायकल मागच्या पडवीत सरपणाच्या ढिगाआड सापडली. आजी म्हणाली, "विश्वकोशाचा पहिला खंड आला ना, त्या साली घेतली." म्हणजे १९७६. आजोबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, त्यामुळे घरातली बरीच सालं छपाईवरून लक्षात आहेत. शेवटची सात-आठ वर्षं ती कोणी चालवली नव्हती.

आज फक्त तपासणी केली. फ्रेम सरळ आहे, कुठे तडा नाही. पुढचं चाक धरणारा चिमटाही सरळ. दोन्ही टायर वाळून भेगाळलेले, ट्यूब चिकटून गेलेल्या. चेन काठीसारखी ताठ. पायडल फिरवलं की आतून वाळू दळल्यासारखा आवाज. मागच्या चाकाच्या तीन तारा तुटलेल्या. घंटी मुकी. कातडी सीट मात्र अजून चांगली, कारण आजी दर दिवाळीला तिला तेल लावत होती. का, ते मी विचारलं नाही.

सायकल मला का हवी, ते खरं सांगते. इथे दूध आणायला गेलं तरी चार जण थांबवतात आणि विचारतात, "कुणाची गं तू?" डोंबिवलीत सातव्या मजल्यावर अकरा वर्षं राहिलो, कोणी असं विचारलं नाही. इथे बाबांचं नाव सांगितलं तर चेहरा कोराच राहतो, आजोबांचं सांगितलं की मग पंधरा मिनिटं जातात. सायकलवरून झटकन पुढे जाता येईल, असं मनात होतं.

पहिली सूचना: काहीही उघडण्याआधी प्रत्येक सांध्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. मी फक्त उजव्या बाजूने काढले. त्याची किंमत सप्टेंबरात मोजली.

२० जून

चूक क्रमांक एक. धूळ फार होती म्हणून सायकल न्हाणीघराजवळ नेली आणि बादलीभर पाणी ओतून साबणाने घासली. दिसायला छान दिसली. दुसऱ्या दिवशी पुढचं चाक फिरेना. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीत, पाणी शिरून जुन्या ग्रीसचा चिखल झाला होता, आणि फ्रेमवर जिथे रंग उडालेला तिथे एका रात्रीत तांबूस थर चढला.

पाणी वापरू नका. रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून मी डिझेल आणलं, एक लिटर, ९२ रुपये. जुनं बनियन डिझेलमध्ये बुडवून पुसायचं, गंज असेल तिथे तारेचा ब्रश आणि काचपेपर. दोन संध्याकाळी गेल्या. हात दोन दिवस वास मारत होते. आजीने हाताला आधी खोबरेल चोळून मग बेसनाने धुवायला लावलं, त्याने वास गेला.

२३ जून, रविवार

आज फक्त पायडली काढायच्या होत्या. उजवी दहा मिनिटांत निघाली. डावीवर पावणेदोन तास घालवले. पान्यावर उभी राहिले, पाना घसरला, नडगी सोलली, आणि पायडलीच्या दांड्याच्या कडा गोल झाल्या.

शेवटी सायकल ढकलत रविवार पेठेच्या बाजूच्या एका सायकल दुकानात नेली. लाज वाटत होती. तिथल्या काकांनी बघितलं आणि म्हणाले, "पोरी, तू आवळतीयास. डाव्या पायडलीचा आटा उलटा असतोय." त्यांनी पाना उलट दिशेला लावला, वर एक हातोडी मारली आणि पायडल सुटली. पैसे विचारले तर म्हणाले, "कुणाची गं तू?"

लक्षात ठेवा: उजवी पायडल नेहमीसारखी, घड्याळाच्या उलट फिरवून निघते. डावी घड्याळाच्या दिशेने फिरवून. चालवताना पाय मारून ती आपोआप सुटू नये म्हणून तसं केलेलं असतं. स्वस्तातला पाना वाकला, नवा ११० रुपयांना घेतला.

३० जून, रविवार

ज्यांनी पुढचं काही वाचायचं नाही ठरवलंय त्यांनी एवढं तरी वाचा, कारण जुन्या सायकलीत सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

या सायकलींचे क्रँक, म्हणजे पायडली ज्यांना लागतात ते दांडे, कॉटरने धरलेले असतात. कॉटर म्हणजे बोटभर लांबीची, एका अंगाने उतरती घासलेली खिळी. ती क्रँकमधून आरपार जाते आणि दुसऱ्या टोकाला नट असतो. वर्षानुवर्षं पाय मारून ती इतकी घट्ट बसते की निघत नाही. मी नट पूर्ण काढून टाकला आणि खिळीच्या टोकावर हातोडी मारली. चौथ्या घावाला टोक मशरूमसारखं पसरलं. आता खिळी मागेही जाईना आणि तिच्यावर नटही चढेना.

पुन्हा काकांकडे. या वेळी ते मला ओरडले, आणि ते बरोबरच होतं. दुसऱ्या बाजूचा कॉटर त्यांनी मलाच काढायला लावला. रीत अशी: आदल्या रात्री तेल सोडायचं. नट पूर्ण काढायचा नाही, टोकाच्या पातळीपर्यंत ठेवायचा, म्हणजे घाव नटावर बसतो आणि आटे वाचतात. क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकवायचा, खिळी नळीच्या पोकळीत उतरेल असा. टेकण नसेल तर घावाचा सगळा जोर आतल्या छऱ्यांवर, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्यांवर, जातो आणि त्या ज्यात फिरतात त्या कपात खड्डे पडतात. मग एकच घाव, पण जड हातोडीने. हळू हळू वीस घाव घातले तर खिळी फक्त पसरते.

माझ्या हातून तो दुसऱ्या घावाला निघाला. पहिला, मी बिघडवलेला, त्यांना ड्रिलने कोरून काढावा लागला. त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत, पण ड्रिल धरायला मला लावलं.

७ जुलै, रविवार

बीबी उघडली. पायडलींच्या मधला, फ्रेमच्या पोटातला तो भाग. डावीकडचा कप सुटतो, उजवीकडचा उलट्या आट्याचा असतो आणि तो काढायची बहुधा गरज पडत नाही. तो जागेवरच ठेवून आतून पुसता येतो. हे मला या वेळी आधीच विचारून ठेवायचं सुचलं.

सुचलं नाही ते एवढंच, की खाली काही अंथरावं. अंगणात फरशीवर काम चालू होतं. कप सुटताच पाव इंची छरे खळखळून बाहेर पडले आणि निम्मे न्हाणीघराच्या मोरीत गेले. मोरीची जाळी काढून, टॉर्च लावून, तास-दीड तास शोधले. सात सापडले. याच दुपारी डोंबिवलीत मैत्रिणीचा वाढदिवस होता. मी मोरीत हात घालून बसले होते तेव्हा फोनवर फोटो येत होते. सगळ्या तिथे होत्या. मला कोणी मुद्दाम वगळलं नव्हतं, मी तिथे राहत नव्हते इतकंच. ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

बीबीत दोन्ही बाजूंना अकरा-अकरा छरे लागतात. मागच्या हबला तेच पाव इंची, नऊ-नऊ. पुढच्या हबला लहान, दहा-दहा. जुने परत वापरू नका. सगळे मिळून नवे ६० रुपयांना आले. अॅक्सलवर, म्हणजे दोन्ही क्रँक जोडणाऱ्या मधल्या दांड्यावर, बोटाला लागतील असे खड्डे होते, तोही बदलला, १२० रुपये. खाली जुनी चादर अंथरा, तिच्या कडा दुमडून.

१४ जुलै, रविवार

टायर आले. मी फोनवरून मागवले होते, कारण दुकानात जाऊन पुन्हा बोलायचा कंटाळा आला होता. जुन्या टायरवर "२८" वाचलं आणि अठ्ठावीसची जोडी मागवली, ८४० रुपये. ते रिमवर चढेनात. दोन तास टायर लिव्हरऐवजी चमचे वापरून झगडले, तीन चमचे वाकले.

अठ्ठावीस इंचांत दोन वेगळी मापं असतात. हल्लीच्या पातळ चाकांच्या सायकलींना लागणाऱ्या टायरच्या आतल्या कडेचा व्यास ६२२ मिलिमीटर असतो, आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा ६३५. तेरा मिलिमीटरचा फरक आणि तो ताणून भरून निघत नाही. दुकानात "अठ्ठावीस दीड" असं पूर्ण माप सांगायचं. टायर ताणून, मळवून झालेले, विकणाऱ्याने परत घेतले नाहीत. हे ८४० रुपये मला मिळालेल्या दहावीच्या बक्षिसातले होते.

२८ जुलै, रविवार

दोन आठवडे काम नाही. पाऊस थांबला नाही. कृष्णेला पाणी चढलं होतं, घाटाच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी तिच्यावर आपटून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. आजीबरोबर बघायला गेले होते. पाणी खरोखर तसंच दुभंगत होतं.

कॉलेज सुरू झालंय. मी तिसऱ्या बाकावर एकटी बसते. वर्गात मला "मुंबईवाली" म्हणतात, आणि मी डोंबिवलीची आहे हे सांगून काही फरक पडत नाही. घरी आलं की पडवीत सुटे भाग पडलेले दिसायचे. दोन चाकं, एक सांगाडा, बिस्किटांच्या डब्यात नट. शुक्रवारी रात्री मी आजीला म्हटलं, देऊन टाक भंगारात, माझ्याच्याने नाही होणार.

शनिवारी उघडीप मिळाली आणि भंगारवाला आळीत आला. आजीने त्याला खरंच बोलावलं. त्याने चाकं फ्रेमला सुतळीने बांधली, सगळं ताणकाट्याला लटकवलं. सतरा किलो, तीस रुपयांनी पाचशे दहा. तो पैसे मोजायला लागला तशी आजी माझ्याकडे वळली. "उघडलीस तू. तू सांग."

मी दाराकडे बघत होते, बाबा येतील आणि काहीतरी ठरवतील म्हणून. ते ऑफिसात होते. आई ड्यूटीवर. दादाचा फोन मी सकाळीच घेतला नव्हता. भंगारवाला नोटा हातात धरून उभा होता आणि त्याला पुढच्या आळीत जायचं होतं. मी म्हटलं, "नाही द्यायची." आवाज इतका बारीक आला की पुन्हा म्हणावं लागलं. त्याने सुतळी सोडली, गुंडाळून खिशात घातली आणि गेला.

चाकं मी आत आणली. आजी माजघरात गेली आणि एक छोटी गोल चकती घेऊन आली, कडेला खाचा असलेली. तारा ताणायची चावी. "यांची होती," म्हणाली. एवढे दिवस का दिली नाही, असं विचारल्यावर म्हणाली, "एवढे दिवस तू तारांपर्यंत आली नव्हतीस."

४ आणि ११ ऑगस्ट

चाकाचा आऊट काढणं, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करणं. याला सगळ्यांत जास्त वेळ लागला आणि हेच मला सगळ्यांत आवडलं.

पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. तुटलेल्या तीन बदलल्या. मग सायकल उलटी उभी केली, चिमट्याला खडू टेकवून चाक हळू फिरवलं. रिम ज्या बाजूला झुकते तिथे खडू लागतो. खडू उजवीकडे लागला तर त्या जागेजवळच्या, हबच्या डाव्या बाजूला जाणाऱ्या तारा ताणायच्या आणि उजव्या बाजूच्या थोड्या सैल करायच्या. पाव फेरा, फार तर अर्धा.

पहिल्या रविवारी मी चाक आणखी बिघडवलं. कारण निपल, म्हणजे तारेच्या रिमकडच्या टोकाचा छोटा नट, आपण कोणत्या बाजूने बघतोय त्यावर दिशा बदलते. टायरच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या दिशेने आवळतो, हबकडून बघितलं तर उलटा दिसतो. मी हबकडून बघत होते आणि आवळायचं तिथे सोडत होते. शिवाय गंजलेल्या निपलवर जोर केला आणि चांगल्या दोन तारा पिळून तुटल्या. प्रत्येक निपलला आदल्या रात्री तेलाचा थेंब द्या, बहात्तर थेंब होतात, पण द्या.

दुसऱ्या रविवारी सकाळी नऊला बसले. एक जागा सरळ केली की पलीकडची वाकडी होत होती. मग घाई सोडली. पाव फेरा, फिरवायचं, बघायचं, पुन्हा पाव. आई जेवायला हाक मारून गेली ते मला ऐकूच आलं नाही. पावणेतीनला खडू पूर्ण गोल फिरताना एकसारखा हलका लागायला लागला. काकांकडे नेऊन दाखवलं. त्यांनी चाक दोन बोटांत धरून फिरवलं, तारा नखाने छेडून आवाज ऐकला, दोन तारा अजून किंचित ताणल्या. "चांगलं निघालंय," एवढंच म्हणाले. शाळेत मला गणितात, चित्रात, कशातच कोणी असं म्हटलं नव्हतं. तिथे दुकानात आलेल्या दुसऱ्या माणसाला त्यांनी तेच चाक दाखवलं, ते मी बाहेर उभी राहून बघितलं.

२५ ऑगस्ट, रविवार

लहान कामं. चेन नवी, १८० रुपये. ब्रेकचे रबर चार, ६० रुपये. सळईचे ब्रेक रिमच्या कडेला नाही, आतल्या बाजूला खालून वर दाबतात, त्यामुळे चाकाचा आऊट आधी निघालेला हवा, नाहीतर रबर कधीच नीट बसत नाही. टायर या वेळी दुकानातून, अठ्ठावीस दीड, दोन मिळून ७६०. ट्यूब ३२०. कॅरिअरचा एक पाय वेल्डिंग करून आणला, ५० रुपये.

घंटी उघडली. आत दोन दातेरी चकत्या आणि एक स्प्रिंग, सगळं काळ्या मेणासारख्या थरात रुतलेलं. रात्रभर डिझेलमध्ये ठेवलं, शिलाई मशिनचं तेल दिलं. अंगणात वाजवून बघितली. आजी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, दारात थांबली, मग आत गेली. मी परत वाजवली नाही.

१ सप्टेंबर, रविवार

जोडणी. फ्रेम उभी राहिली, पण पायडली एका रेषेत येईनात. एक खाली असताना दुसरी बरोबर वर हवी, ती किंचित पुढे झुकलेली. चालवताना लंगडल्यासारखं होणार. तासभर वाटत राहिलं की नवा अॅक्सल वाकडा आलाय.

वाकडं काही नव्हतं. दोन्ही कॉटर मी एकाच दिशेने घातले होते. ते एकमेकांच्या उलट हवेत. म्हणजे उजवा क्रँक खाली असताना त्याचा नट ज्या बाजूला येतो, डावा क्रँक खाली आणल्यावर त्याचाही नट त्याच बाजूला यायला पाहिजे. डाव्या बाजूचे फोटो जूनमध्ये काढले असते तर हे दिसलं असतं. ठोकून बसवलेले कॉटर काढताना दोन्ही खराब झाले, पुन्हा दोन घेतले. नवा कॉटर सपाट बाजूने थोडा कानसून घ्यावा लागतो. एकदम घासू नका, जास्त घासला गेला तर खिळी पूर्ण आत जाते आणि तरी सैलच राहते.

८ सप्टेंबर, रविवार

गणपतीचा दुसरा दिवस. सकाळी सहाला, आळीत कोणी नसताना सायकल बाहेर काढली. सीट पूर्ण खाली करूनही माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. चोवीस इंची फ्रेम माझ्या उंचीला मोठी आहे, हे मला पहिल्या दिवशीच मोजता आलं असतं. चढायचं ते डाव्या पायडलीवर पाय ठेवून, ढकलत, मग मधल्या दांडीवरून पाय टाकून. थांबायचं तर आधी उतरायचं. आजीने सांगितलं, लहानपणी त्या पोरी दांडीच्या खालून पाय घालून लंगडी चालवायच्या. मी तसंही करून बघितलं.

मधली आळी ते गणपती आळी, घाटापर्यंत आणि परत. दोनदा पडले. कोपर खरचटलं. ब्रेक लागले.

२२ सप्टेंबर, रविवार

मेणवली. वाईपासून तीन किलोमीटर. दोन्ही बाजूंना ऊस आणि कमरेएवढी हळद, पावसानंतरची. नाना फडणवीसांचा वाडा बाहेरून बघितला, घाटावर उतरले. तिथल्या देवळात पोर्तुगीज बनावटीची मोठी घंटा आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिकडून आणलेली म्हणतात. घाटावर तासभर एकटी बसले. एकटी बसून बरं वाटलं, हे इथे आल्यापासून पहिल्यांदा झालं.

परत निघताना डावीकडून प्रत्येक फेऱ्याला टक, टक. कॉटर सैल झालाय हे आवाजावरून कळलं. नवे कॉटर पहिल्या काही किलोमीटरांत दबतात आणि पुन्हा ठोकून आवळावे लागतात. काकांनी हे सांगितलेलं, मी हातोडी घेतली नव्हती. तसंच चालवलं तर क्रँकचं भोक लांबट होतं आणि मग क्रँकच बदलावा लागतो, म्हणून उतरले.

हळदीच्या रानात एक मावशी खुरपत होत्या. त्यांनी विचारलं, "कुणाची गं तू?" मी आजोबांचं नाव सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. बाबांचं सांगितलं, तेही नव्हतं. आता काय सांगावं, ते मला कळेना.

"बरं, मग हितं काय करतीस?"

"सायकल दुरुस्त करतेय. हातोडी हवी होती."

त्यांनी मोटरच्या खोलीतून हातोडी आणून दिली आणि सायकल धरून उभ्या राहिल्या. टेकणाला दगड लावला, दोन घाव, नट आवळला. आवाज गेला. त्यांनी तांब्याभर पाणी दिलं आणि पुन्हा खुरपायला गेल्या.

५ ऑक्टोबर, शनिवार

संध्याकाळी दारात आठ-नऊ वर्षांची मुलगी, तिच्या छोट्या सायकलची चेन उतरून फ्रीव्हील (मागच्या चाकाची दातेरी चकती) आणि फ्रेमच्या मध्ये अडकलेली. तिला कोणी पाठवलं ते तिने सांगितलं नाही. मागच्या चाकाचे नट सैल होते, चाक तिरकं झालं होतं. चाक ओढून सरळ केलं, पण चेनच्या तीन कड्या गंजून ताठलेल्या होत्या, रात्रभर तेलात ठेवणं भाग होतं. सायकल माझ्याकडेच राहणार, सकाळी कुठे पोचवायची ते कळायला हवं होतं. म्हणून मी विचारलं, "कुणाची गं तू?"

तिने सांगितलं. रामडोह आळीतलं घर. सकाळी नेऊन दिली.

१२ ऑक्टोबर, दसरा

सायकलला झेंडूचा हार. पाटावर हत्यारं मांडली: दोन पाने, कानस, हातोडी, नळीचा तुकडा, तारांची चावी. आजीने सगळ्यांना हळदकुंकू लावलं.

दादा आलाय. त्याने चक्कर मारली आणि म्हणाला, चेन सैल आहे, पाना दे. चेन खरंच सैल होती. पाना मी माझ्याकडेच ठेवला आणि त्याला मागचं चाक सरळ धरून ठेवायला सांगितलं. चेन ताणायची तर मागच्या चाकाचे दोन्ही नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे, म्हणजे चाक तिरकं होत नाही. मध्यभागी चेन अर्धा इंच वरखाली हलली पाहिजे. त्याने विचारलं, हे कुठे शिकलीस. मी म्हटलं, इथेच.

खर्च: डिझेल ९२, ग्रीस ६०, ब्रश आणि काचपेपर ७०, पाना ११०, कॉटर चार ६०, छरे ६०, अॅक्सल १२०, तारा आणि निपल ४०, टायर ७६०, ट्यूब ३२०, चेन १८०, रबर ६०, वेल्डिंग ५०. म्हणजे १,९८२. चुकीच्या टायरचे ८४० धरून २,८२२ रुपये. ते चुकीचे टायर अजून पडवीत आहेत. नव्या, पातळ चाकांच्या सायकलीला कोणाला लागत असतील तर घेऊन जा, पैसे नकोत.

पसरणीचा घाट अजून केलेला नाही. पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटर सलग चढ, आणि उतरताना या ब्रेकवर भरवसा नाही. लोखंडी रिम ओली असली की रबर घसरतं, हे मी सपाट रस्त्यावरच अनुभवलंय. रस्ता पूर्ण वाळल्यावर आधी अर्ध्यापर्यंत चढून, ढकलत खाली उतरून बघणार आहे. मागच्या चाकाच्या डाव्या कोनातून (हबमधले छरे दाबून धरणाऱ्या शंकूतून) उतारावर बारीक घरघर येते. उद्या रविवार आहे, चादर अंथरून तो उघडते.